पोंग्याजवळचे पान

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो, आणि माझे डोके फिरले आहे. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यात मला घासूनपुसून घडवले आणि पीकतपासणी केंद्रातल्या बाईंनी मला दोरीने गळ्यात अडकवले. बाई केळीचे पोंग्याजवळचे, म्हणजे शेंड्याच्या न उलगडलेल्या पानालगतचे, कोवळे पान उजेडासमोर धरायच्या आणि मला मागच्या शिरांवरून फिरवायच्या. गडद हिरव्या तुटक रेघा दिसल्या, की तो पर्णगुच्छाचा विषाणू. त्याला औषध नाही. झाड कंदासकट उपटायचे आणि त्याचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिले, कुठेही लावायचे नाहीत. लोक मात्र हमखास सगळ्यांत वाळके पान आणायचे, रोग तिथेच दिसेल असे समजून. बाई त्यांना परत पाठवायच्या. लोक कुरकुरायचे, पण कोवळे पान आणायचे.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले. कागद उडू नयेत म्हणून त्यांनी मला कागदांवर ठेवले. इतकीच माझी किंमत!

एकदा एक बहीण-भाऊ आले. भावाची केळी खुजी राहिली होती. त्याच बागेतले मुनवे बहिणीला आपल्या पहिल्यावहिल्या बागेत लावायचे होते, म्हणून ती खात्री करायला आली होती. पान अर्थातच वाळके होते. साहेबांनी खुर्चीतून न उठता सांगितले, खत कमी पडले आहे, मुनवे खुशाल लावा. मी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होते. मला वाचा असती, तर त्यांचे कान किटवले असते.

पुढच्या हंगामात बहीण एकटीच आली. तिची झाडे लहानच होती, त्यामुळे पानही कोवळे होते. साहेब पुन्हा खताचेच बोलू लागले. तिने मला कागदांवरून उचलले आणि त्यांच्या हातात दिले.

"आधी यातून बघा," ती म्हणाली.

त्यांचा डोळा माझ्याजवळ आला. आधी तो कंटाळलेला होता, मग त्याला तुटक रेघा दिसल्या आणि तो घाबरला.

"दादाच्या पानावरही हे होतं का?"

"ते पान वाळलेलं होतं. त्यावर दिसत नाही."

"मग कोवळं मागायचं होतं ना. लगेच आणून दिलं असतं."

तिने दोन्ही बागा उपटल्या, आधी भावाची आणि मग स्वतःची.

मित्रांनो, मला मऊ फडक्यात गुंडाळून जपू नका. माझ्यावर ओरखडे पडले तरी चालतील. पण कोणी पान घेऊन दारात आले, तर खुर्चीतून उठा, योग्य पान मागा आणि माझ्यातून बघा. एवढेही जमणार नसेल, तर "खुशाल लावा" म्हणू नका.