एका डोक्यावर तीन नवस

माझ्या सासूबाईंचा, वसंताबाईंचा, कुठल्याही एका देवावर पुरता भरवसा नाही. आम्हाला मूल होईना, तेव्हा त्यांनी नंजनगूडचा नंजुंडेश्वर, तलकाडचा वैद्यनाथ आणि म्हैसुरात आमच्या गल्लीतला विठोबा अशा तिघांना नातवंडाचं जावळ कबूल करून टाकलं. तेही एकाचं दुसऱ्याला कळू न देता.

पुढे आयव्हीएफमध्ये नेमके तीन गर्भ तयार झाले. सासूबाई हरखून गेल्या.

"तिन्ही ठेवा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तिघांनी मिळून दिलेत, अल्वा? होय ना?"

डॉक्टर पूजितांनी मान हलवली. एका वेळी एकच ठेवायचा, बाकीचे दोन गोठवायचे. तिळं राहिली तर आईचं बीपी चढतं, बाळं दिवस भरायच्या आधीच येतात, कधी हातीही लागत नाहीत.

"अय्यो, मत्ते, मग त्या दोघा देवांना काय सांगू मी? गप बसतील ते?"

तरुण, माझा नवरा, पंख्याकडे बघत होता. आईसमोर त्याला पंखा फार आवडतो. मला मात्र रडू फुटलं. मला एकच मूल हवं होतं, धडधाकट हवं होतं, आणि त्याला वाढवायला मीही जिवंत हवी होते. तसं मी सरळ बोलून टाकलं.

सासूबाईंनी माझा हात धरला. "तुझं बरोबर हाय, देवश्री. पण देव? तिघांना जावळ बोललेय मी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अम्मा, तुम्ही तीन नातवंडं बोललात, की तीनदा जावळ?"

सासूबाईंनी डोळे मिटून आठवलं. "जावळच."

"मग डोकं एक चालेल."

अन्विता झाली ती तीन किलोची. देवांना प्रत्येकी एक, असं सासूबाईंनी लगेच वाटूनही टाकलं.

जावळाला नंजनगूडच्या न्हाव्याने उजवी बाजू उतरवली आणि वस्तरा पुढे नेला, तसा सासूबाईंनी त्याचा हात पकडला. "साकु, बास. बाकीचे दुसऱ्यांचे हायत." तलकाडला डावी बाजू गेली. मधला पट्टा विठोबासाठी राखला.

परतीच्या बसमध्ये शेजारची बाई अन्विताच्या डोक्याकडे बघतच राहिली. लेकराचं हे काय करून ठेवलंय, असं तिने शेवटी विचारलंच.

सासूबाईंनी नातीला पदराखाली घेतलं.

"एकच हाय ओ," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना पुरवायला पाहिजे."