मीटरकाकांचं वायफाय

"दिवा लागला!" मीटरकाका बाहेरच्या खोलीतून ओरडले. "थांब, येतो बघायला!"

आत जाऊन त्यांनी पलंगावरच्या बायकोचा फोन घेतला, लांब धरला, मग नाकाला लावला. यादीत सगळ्या शेजाऱ्यांची वायफायं होती. स्वतःचं नव्हतं. ते बाहेर आले, वायफायची काडी पुन्हा लॅपटॉपमध्ये खुपसली. दिवा लागला. आत गेले. काही नाही.

"अहो, किती फेऱ्या माराल?" बायको म्हणाली. "तिकडे ताईला न्यायची वेळ झाली."

मामला तसा सरळ होता. इंटरनेटची वायर बाहेरच्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंतच पोचत होती. आतल्या खोलीत फोनला रेंज नव्हती. बायकोचं खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगलेलं. तिला बाहेर आणायचं तर पलंगासकट आणावं लागलं असतं, आणि पलंग दारातून आत कसा गेला होता, हेच आता कोणाला आठवत नव्हतं. दूरच्या शहरात तिच्या ताईचं स्वरयंत्र आज काढायचं होतं. त्याआधी दोघींना एकदा बोलायचं होतं.

ताईच्या मुलाने मागे येऊन लॅपटॉपवर लिनक्स घातलं होतं. "काका, ही काडी यूएसबीत घातली की लॅपटॉप तिला आपोआप ओळखेल आणि घरभर वायफाय वाटेल. काढली की बंद. मशीन चालू असताना खुशाल घाला, खुशाल काढा." त्यातलं 'खुशाल काढा' मीटरकाकांच्या मनात विशेष भरलं होतं.

उभा जन्म त्यांनी लोकांचे विजेचे मीटर वाचले. 'मीटर' हे नावही ताईनेच लग्नाच्या मांडवात ठेवलेलं. "काय हो मीटर, हसता तेही युनिट मोजून का?" हा तिचा पहिला टोमणा. त्यानंतर तिने एकही भेट कोरडी जाऊ दिली नाही.

बाहेर त्यांचा बटणांचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून भाचा होता.

"काका, कुठवर आलं?"

"अरे, मी खुर्चीत बसलो की चालतं, उठलो की बंद पडतं. माझ्या वजनाचं काही असेल का?"

"वजनाचं? खुर्चीखाली वायर आहे?"

त्यांनी वाकून पाहिलं. "चप्पल आहे."

"ती राहू दे. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीतल्या शेवटच्या ओळी वाचा."

"यूएसबी डिसकनेक्ट. मग नवीन डिव्हाइस. मग ॲक्सेस पॉइंट चालू. मग परत डिसकनेक्ट. खालपर्यंत हेच रडगाणं."

"काका, काडी कोणीतरी उपटतंय."

"कोण उपटेल? तुझी मावशी पलंगावर. मोकळा काय तो मीच."



"काका, आत जाताना तुम्ही नेमकं काय करता?"

"काय करणार? काडी काढतो आणि जातो. खोलीत माणूस नाही, वस्तू चालू, हे कसं दिसतं? तूच म्हणालास ना, खुशाल काढा?"

"काका," भाचा हळूच म्हणाला, "बसा. आणि काही काढू नका."

मीटरकाकांनी काडी घातली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले.

"आलं! अहो, दिसली ताई!" आतून बायको ओरडली. मग ताईचा घोगरा आवाज आला. भिंतीतून शब्द कळत नव्हते, फक्त रागावणं कळत होतं. मग दोघी हसल्या. एकदा 'मीटर' ऐकू आलं.

"अहो, या ना! बोलावतेय तुम्हाला!"

ते अर्धे उठले. उजवा हात आपसूक काडीकडे निघाला. ते झटकन पुन्हा बसले. उठलं तर चालतं, फक्त काढायचं नाही, हे त्यांना समजलं होतं. हाताला समजलं होतं का, याची खात्री नव्हती.

"तुम्ही बोला!" ते ओरडले. "मी इथे बघतो!"

आतले आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळाने ते आत गेले.

"नेलं?"

"नेलं." बायकोने फोन छातीवर ठेवला होता.

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार! माझी चादर मळलीय म्हणाली. एवढ्याशा पडद्यावर दिसली तिला."

"आणि मला?"

"तुमच्यासाठी काहीतरी राखून ठेवलं होतं तिने. तोंडावरच ऐकवायचं म्हणून हसत थांबली होती. तेवढ्यात न्यायला आले. लिहून कळवीन म्हणाली."

"लिहून काय," मीटरकाका म्हणाले. "तिचं अक्षर मला लागत नाही."

त्यांनी कपाटातून धुतलेली चादर काढली. बायकोच्या पायाला धक्का न लावता ती कुठल्या बाजूने घालायला घ्यावी हे काही सुचेना, म्हणून ते चादर हातात धरून तसेच उभे राहिले.