चौथ्या बराकीची बेल

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक खोली बघा. पाच पावलं लांब, तीन पावलं रुंद. एक बाक, एक घोंगडी, उंचावर पुस्तकाएवढी खिडकी. दार आहे, पण त्याला आतून कडी नाही. तहान लागो, पोटात दुखो, श्वास अडको, तुम्हाला उठून बाहेर जाता येणार नाही. दाराशेजारी भिंतीत एक लाल बटण आहे. ते दाबलं की बाहेर पहाऱ्याच्या टेबलावर बेल वाजते, तुमच्या नंबराचा दिवा लागतो आणि कुणीतरी येतं. त्या खोलीत आपलं म्हणावं असं तेवढंच: एक बटण, आणि कुणीतरी येईल हा भरवसा.

बघितलीत? आता डोळे उघडा. कारण आपली गोष्ट सुरू होते तेव्हा त्याच तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत एक वायरमन शिडीवर चढून पंखा दुरुस्त करतो आहे. त्याच्या तोंडात दोन स्क्रू आहेत, कानावर पेन्सिल आहे आणि खालून एक आठ वर्षांची मुलगी त्याला विचारते आहे,

"काका, तुम्हाला सगळ्या कोठड्यांत जाता येतं?"

"ऊं," वायरमन म्हणाला. तोंडात स्क्रू असताना माणूस दुसरं काय म्हणणार?

"मग माझ्या बाबांची बेल दुरुस्त करा ना."

"अगं, गप बस जरा," बाकावरून आजी म्हणाली. "काकांना काम करू दे. वरून पडतील तुझ्या प्रश्नांनी."

वायरमनने स्क्रू हातात घेतले. या मुलीला तो ओळखत होता. दर शनिवारी ती आजीचं बोट धरून बापाला भेटायला यायची आणि दिसेल त्याला प्रश्न विचारायची. त्याने तिचं नाव ठेवलं होतं तपासनीसबाई.

"कुठल्या बराकीत आहेत बाबा?"

"चौथ्या. सतरा नंबर."

"मग काळजी नको. मागच्या सोमवारीच तपासली मी. चालू आहे."

"तुम्ही दाबून पाहिलीत?"

"पाहिली की."

मुलीने भिंतीकडे बोट दाखवलं. वर, छताजवळ, हवेसाठी एक जाळी होती. "या भिंतीच्या पलीकडे चौथ्या बराकीच्या पहाऱ्याचं टेबल आहे. मला सगळं ऐकू येतं. रेडिओ ऐकू येतो. एक पोलीसकाका लागोपाठ पाच वेळा शिंकतात, तेपण ऐकू येतं. पण बेल एकदासुद्धा ऐकू आली नाही. आम्ही किती शनिवार येतोय, आजी?"

"छत्तीस," आजी म्हणाली. मग हळूच वायरमनला म्हणाली, "तिच्या बापाला दमा आहे, दादा. गेल्या आठवड्यात पहाटे त्याला श्वास घेता येईना. बटण दाबून दाबून बोट दुखलं म्हणे. शेवटी शेजारच्यांनी ताटल्या बडवल्या, तेव्हा कुठे दार उघडलं."

वायरमनने पंखा बसवला, शिडी खांद्यावर घेतली आणि निघाला. दारात मुलीने पुन्हा गाठलंच. "आमच्या बाई म्हणतात, पाढा येतो असं नुसतं सांगायचं नाही. म्हणून दाखवायचा."

आता खरी गोष्ट सांगतो. वायरमन खोटं बोलला होता. त्याला स्वतःलाही ते तोपर्यंत नीटसं ठाऊक नव्हतं.

सव्वीस वर्षं तो या नोकरीत होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चारही बराकींच्या बेल तपासायच्या आणि रजिस्टरात लिहायचं. त्याचं अक्षर मोत्यासारखं. रजिस्टरात कुठे खाडाखोड नाही. प्रत्येक पहाऱ्याच्या टेबलावर एक पेटी होती आणि पेटीवर 'चाचणी' लिहिलेलं बटण. ते दाबलं की वीसही दिवे एकदम लागत. सुरुवातीला तो चाचणीचं बटणही दाबायचा आणि प्रत्येक कोठडीत जाऊन आतलं लाल बटणही. मग कधीतरी गुडघे दुखायला लागले. कधी पहाऱ्यावरचे जमादार म्हणाले, कुलपं काढत बसायला माणसं नाहीत. हळूहळू कोठड्या सुटल्या आणि चाचणीचं बटण तेवढं राहिलं. पण त्या बटणाने फक्त दिवे शाबूत आहेत एवढंच कळतं. कोठडीतून पेटीपर्यंत येणारी तार तुटली असेल, तर चाचणीला त्याचा पत्ताही लागत नाही. हे वायरमनला माहीत नव्हतं का? होतं. माहीत असलेली गोष्टसुद्धा रोज बाजूला ठेवली की तिच्यावर धूळ बसते.

त्या दुपारी त्याने चौथ्या बराकीत सतरा नंबर उघडायला लावला. कुलूप काढून पहारेकरी टेबलाकडे परत गेला.

चौथ्या बराकीबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथली जवळजवळ सगळी माणसं रंगाने काळी होती. त्यांचे पणजोबा दुसऱ्या मुलखातून इथे कामाला आले, इथले रस्ते त्यांनी बांधले, इथेच मेले. तरी 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न पणतवंडांचीही पाठ सोडत नव्हता. त्यांना एका बराकीत ठेवा असा कुठे नियम लिहिलेला नव्हता. तरी ती तिथेच जात. मुलीचे बाबा शिंपी होते. दुकानासमोर मारामारी झाली, दोघांना पकडलं. दुसरा गोरा होता. तो पहिल्या बराकीत दोन महिने राहून घरी गेला. शिंपी अजून तारखेची वाट बघत होता.

"बटण तपासायचंय," वायरमन म्हणाला.

शिंपी उठून उभा राहिला. "तपासा की. आधी हे वाचा." त्याने उशीखालून दोन कागद काढले. बेल वाजत नाही, अशा दोन तक्रारी. दोन्हींवर एकच शिक्का आणि खाली एकच ओळ: वायरमनच्या नोंदीनुसार बेल चालू आहे.

वायरमनने कागद दोनदा वाचले. मग लाल बटण दाबलं.

"आता थांबा," शिंपी म्हणाला. "आम्ही थांबतो तसं."

ते थांबले. भिंतीपलीकडे रेडिओवर कुणीतरी गात होतं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शिंप्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. इतक्या जवळून वायरमनने ती पहिल्यांदाच ऐकली. कुणी आलं नाही.

तिथून तो तडक पहिल्या बराकीत गेला, एका कोठडीत शिरला आणि लाल बटण दाबलं. बोट उचलायच्या आत पहारेकरी दारात हजर. "काय झालं? काय हवंय?"

"काही नाही," वायरमन म्हणाला. "मला जे हवं होतं ते कळलं."

दुसऱ्या आणि तिसऱ्या बराकीतही तसंच झालं. मग त्याने चौथ्या बराकीची पेटी उघडली तेव्हा आतल्या वीसही तारा काढून, एकत्र करून, रबर लावून बाजूला ठेवलेल्या होत्या. काम मोठं नीटनेटकं होतं. टेबलामागे जमादार दाढी खाजवत बसले होते.

"कुणी काढल्या?"

"मीच सांगितलं काढायला. अरे, दिवसभर टर्र टर्र! कावळ्यांची शाळा नुसती. कान किटले. त्यांना काय, बटण म्हणजे खेळणं."

"एकाचा जीव जात होता परवा."

"गेला का? नाही ना? मग?" जमादारांनी आवाज खाली आणला. "हे बघ, उगाच डोक्यात राख घालू नकोस. वर्षभर तुझ्या रजिस्टरात 'चालू' आहे, तुझ्या सहीनिशी. वर कळलं तर आधी कोण लटकेल? दोन वर्षं राहिलीत तुझी. जोड तारा, झाकण लाव आणि विसरून जा."

वायरमनने तारा जोडल्या. एकेक करत वीसच्या वीस. झाकण लावलं आणि घरी गेला.

घरी ताट समोर होतं आणि तो भिंतीकडे बघत होता.

"भिंत काही भाजी वाढणार नाही," बायको म्हणाली. "काय झालंय?"

त्याने सगळं सांगितलं. "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात," तो शेवटी म्हणाला. "कधी कुणाला कावळा म्हटलं नाही. कधी हात उगारला नाही."

"नाही ना. नुसतं त्यांच्या प्रत्येक तक्रारीला उत्तर दिलंत. तिकडे न जाता."

"तारा जोडल्यात ना मी आता!"

"परत काढल्या तर? त्या माणसाच्या उशीखालचा कागद तेव्हाही हेच सांगेल, की बेल चालू आहे, खोटं हाच बोलतोय." तिने त्याच्या ताटात भाजी वाढली. "जेवा. उपाशी पोटी खरं बोलणं अवघड जातं. उद्या बोलायचंय ना तुम्हाला?"

अधीक्षक बाई नव्या होत्या, येऊन तीन महिने झाले होते. टेबलावर त्याने रजिस्टर उघडून ठेवलं आणि सांगितलं. जमादारांचं सांगितलं, त्याआधी स्वतःचं सांगितलं.

"चौकशी झाली तर पहिलं नाव तुमचं येईल, कळतंय ना?" त्या म्हणाल्या.

"पहिलं तेच आहे, मॅडम. प्रत्येक पानावर."

बाईंनी कितीतरी पानं उलटली. मग विचारलं, "बाकीच्या बराकींत?"

"बेल वाजते. माणूस येतो. मी दाबून पाहिली."

"म्हणजे इमारत एक, बेल एक, नियम एक, आणि..."

त्यांनी चौथ्या बराकीच्या पानावर बोट ठेवलं.

चौकशी झाली. वायरमनच्या नावापुढे वाईट शेरा पडला. सव्वीस वर्षांत पहिला. जमादारांना पहाऱ्यावरून काढलं, त्यांची खातेचौकशी लागली. काही पहारेकऱ्यांनी वायरमनशी बोलणं सोडलं; तो चहाच्या खोलीत गेला की गप्पा थांबत, आणि एकदा त्याच्या शिडीची एक पायरी सैल केलेली सापडली. त्याने ती घट्ट केली आणि चढला. शिंप्याच्या गळ्यात आता दम्याच्या औषधाची नळी दोरीला बांधलेली असे; आधी ती टेबलाच्या खणात कुलूपबंद असायची. बराकी रंगावरून भरायच्या नाहीत असा हुकूम निघाला. तो एका दिवसात पुरा झाला असं मी तुम्हाला सांगणार नाही, पण पहिल्या महिन्यात सात जणांच्या कोठड्या बदलल्या. शिंप्याच्या खटल्याचीही तारीख लागली.

आणि रजिस्टर बदललं. नव्या रजिस्टरात वायरमनच्या सहीचा रकाना दुसरा होता. पहिला रकाना कोठडीतल्या माणसाचा. बटण त्याने स्वतः दाबायचं, कुणी आलं की त्याने सही करायची, आणि मगच वायरमनने.

पुढच्या महिन्यात चाचणी वायरमनने मुद्दाम शनिवारी ठेवली. एकोणीस कोठड्या सकाळीच उरकल्या. सतरा नंबर शेवटी ठेवला.

भेट संपली, शिंपी आत गेला. वायरमन रजिस्टर काखेत घेऊन मुलीपुढे उकिडवा बसला. गुडघे करकरले.

"तपासनीसबाई, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. मी दाबून पाहिली नव्हती."

मुलीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही पंख्याकडे बघून बोललात."

आजीने तोंडाला पदर लावला. हसली की काय, कळलं नाही.

"आता ऐक," वायरमन म्हणाला.

मुलगी जाळीखाली जाऊन उभी राहिली, भिंतीला कान लावून. रेडिओ चालू होता. कुणीतरी शिंकलं, एक, दोन, तीन. आणि चौथ्या शिंकेच्या आत बेल वाजली. लांब, खणखणीत. रेडिओ बंद झाला. खुर्ची सरकली. बुटांचा आवाज घाईघाईने लांब गेला. मुलगी बोटांवर मोजत होती. सोळाव्या आकड्याला कुलूप खडखडलं आणि कुणीतरी विचारलं, "हं, काय झालं? बरं आहे ना?"

वायरमन आत जाऊन आला. रजिस्टरात सतरा नंबरपुढे शिंप्याची सही होती, शिवणीच्या टाक्यांसारखी बारीक. तिच्या शेजारच्या रकान्यात त्याची स्वतःची. शेवटचा, शेऱ्याचा रकाना मोकळा होता. त्याने रजिस्टर मुलीपुढे धरलं आणि कानावरची पेन्सिल काढून तिला दिली.

"तपासणी तुमची, बाई."

तिने जीभ दातांत धरून सतरा नंबरपुढे, तिच्या बाई वहीत करतात तशी, बरोबरची मोठी खूण केली.

"बाकीच्याही करून टाक," वायरमन म्हणाला. "सगळ्या चालू आहेत."

मुलीने वरपासून खालपर्यंत एकोणीस मोकळ्या जागा पाहिल्या.

"त्या मी ऐकल्या नाहीत," ती म्हणाली. पेन्सिल त्याच्या हातात परत दिली, आजीचं बोट सोडलं आणि पुन्हा जाळीखाली जाऊन भिंतीला कान लावून उभी राहिली.