सगळीकडे ‘नो’

“हॅव यू एव्हर बीन अ मेंबर ऑफ द कम्युनिस्ट पार्टी, मिस्टर वैरागडे?”

चैत्रालीनं हे इतक्या करड्या आवाजात विचारलं की सोफ्यामागे दडलेल्या आन्यानं, तिच्या डिबेट टीममधल्या मैत्रिणीनं, हसू दाबायला उशीच तोंडावर धरली. पैजच तशी होती. सिटिझनशिपच्या फॉर्ममधला सगळ्यात विचित्र प्रश्न स्वतःच्या बाबांना विचारायचा आणि हसायचं नाही. हसली तर वीस माणसांची ताटं घासायची. “तुझ्याच्यानं होणार नाही,” असं तिच्याच वयाचा सिद्धेश म्हणाला होता, आणि गेल्या वर्षभरात चैत्रालीला हे एवढं एक वाक्य अजिबात सोसेनासं झालं होतं.

वर्षापूर्वीची चैत्राली वेगळी होती. वर्गात नाव पुकारलं तरी ती पुटपुटायची. मग कुणीतरी तिला शाळेच्या डिबेट टीममध्ये ढकललं आणि जगात आपला आवाज नावाची एक वस्तू आहे, हे तिला कळलं. आता तिला कुठलीही बाजू द्या. नाणं उडवा, छापा येवो की काटा, अर्ध्या मिनिटात ती उभी राहून बोलायला तयार. येत्या शनिवारी तर मोठी स्पर्धा होती, आणि विषय होता, सरकारला माणसाच्या राजकीय मतांची चौकशी करण्याचा हक्क असावा की नसावा. दोन्ही बाजू तिला तोंडपाठ होत्या.

त्या रविवारी दुपारी टेक्सासमध्ये, प्लेनो गावातल्या श्रीरंगकाकांच्या घरी जमलेली मंडळी मात्र डिबेटसाठी आली नव्हती. या गोतावळ्यात कुणाची सिटिझनशिपची मुलाखत जवळ आली की काकांकडे तालीम व्हायची, अगदी दहावीच्या तोंडी परीक्षेसारखी. पोरांनी ऑफिसर व्हायचं, मोठ्यांनी टाय लावून समोर बसायचं. सेनेटर किती, राज्यघटना म्हणजे काय, सगळं घोकून घ्यायचं. तालमीइतकाच प्रसिद्ध होता श्रीरंगकाकांचा फॉर्म. काकांनी स्वतः भरलेला, पास झालेला, म्हणून पवित्र. ग्रुपवर त्याची पीडीएफ फिरायची आणि जो तो बघून उतरवून काढायचा. सिद्धेशच्या बाबांनी तर काकांची उंचीसुद्धा उतरवली होती! फॉर्मच्या शेवटच्या पानांवर मात्र डोकं चालवायची गरजच नव्हती. तुम्ही दहशतवादी होता का, नो. कुणाचा छळ केलात का, नो. वरपासून खालपर्यंत सगळीकडे नो.

तर या वेळी पाळी होती समोर बसलेल्या बाबांची, म्हणजे देवदत्त वैरागडे यांची, मुलाखत दहा दिवसांवर आलेली. त्यांनी टायची गाठ सैल केली.

“नो,” ते म्हणाले.

पण म्हणायला त्यांना वेळ लागला. डिबेटमध्ये समोरच्यानं एवढा वेळ घेतला की चैत्रालीला कळायचं, इथं काहीतरी आहे.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या ओट्याकडून खदखदून हसणं ऐकू आलं. त्र्यंबककाका. बाबांचे नागपूरच्या हॉस्टेलमधले रूममेट, आता तिकडे मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहणारे, कामासाठी दोन दिवस आलेले आणि सकाळपासून सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालणारे.

“काय बे देवा! पोरीसमोर खोटं बोलून राहिला का? मेसच्या गेटवर अकरा दिवस लाल झेंडा घेऊन कोण बसलं होतं, मी? कार्ड होतं ना बे तुझ्याकडे! कॉम्रेड वैरागडे!”

कुणीच हसलं नाही. आन्याच्या हातातली उशी खाली पडली. श्रीरंगकाकांच्या बायको, शोभनाकाकू, उठल्या आणि त्यांनी बागेकडची खिडकी लावून घेतली, जणू बाहेर हिरवळीवर सरकारच कान लावून उभं होतं. श्रीरंगकाकांनी चहाचा कप बशीत न ठेवता थेट सोफ्याच्या हातावर ठेवला. एरवी कोस्टरशिवाय कप ठेवणाऱ्याला ते घराबाहेर काढतील.

“गंमत करतोय ना हा?” काकांनी विचारलं.

बाबा गालिच्याकडे बघत होते. “कार्ड होतं,” ते म्हणाले. “दोन वर्षं.”

चैत्रालीला आधी वाटलं, बाबा आता हसतील. हेच बाबा, जे तिला म्हणायचे, पोस्ट टाकू नकोस, सही करू नकोस, मोर्चा दिसला तर पलीकडच्या फुटपाथनं चाल! ज्यांनी ऑफिसात कधी आवाज चढवला नाही, ज्यांच्या सगळ्या शर्टांचा रंग एकच! ते झेंडा घेऊन? गेटवर?

त्र्यंबककाकांच्या चेहऱ्यावरचं हसू आता कुठे ओसरलं. “अरे… मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल.”

“देवदत्त, कमाल आहे तुझी!” श्रीरंगकाका उसळले. “अरे, त्या परवान्यांच्या न् रांगांच्या कटकटीतून सुटायला आपण इथं आलो. इथं सरकार न विचारता तुझ्या दारातसुद्धा येत नाही. ह्याला म्हणतात फ्रीडम! आणि तू म्हणे कम्युनिस्ट!”

“मग काका, सरकारला हे विचारायचंच कशाला?” चैत्रालीच्या तोंडून निघून गेलं. जिभेला सवयच झाली होती.

“ते वेगळं.”

“वेगळं कसं? सरकारनं आपल्या घरात डोकवायचं नाही, खिशात डोकवायचं नाही, असं दर पार्टीला तुम्हीच म्हणता. मग डोक्यात डोकवलेलं चालतं?”

“हे बघ, बाळा. घरात भाडेकरू ठेवताना तू चौकशी करशील ना? ज्याला भिंतीच पाडायच्यात त्याला खोली देशील? या लोकांच्या राज्यात कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती. माणसं गायब व्हायची! देशानं एवढं विचारलं तर बिघडलं कुठे?”

मुद्दा चांगला होता. त्यावरचं उत्तर चैत्रालीकडे तयार होतं, त्या उत्तरावरचं उत्तरही. तिनं श्वास घेतला, हात वर केला, आणि तिला बाबा दिसले. ते डाव्या हाताच्या अंगठ्यानं टायचं टोक चोळत होते. चोळतच होते. तिला एकदम कळलं की आपण जिंकायला निघालोय, आणि ज्याच्यावरून जिंकायचं तो माणूस आपल्यासमोर आरोपीसारखा बसलाय. त्या खुर्चीत त्यांना आपणच बसवलंय, वीस माणसांच्या देखत, ताटं घासायला लागू नयेत म्हणून.

वर केलेला हात तिनं खाली घेतला. मग कुणी काही न सांगताच ताटं गोळा करून ती घासायला गेली. सिद्धेश शेजारी येऊन हळूच म्हणाला, “यू डिडन्ट लाफ. तू जिंकलीस यार.” तिनं पुढचं ताट नळाखाली धरलं.

घरी आल्यावर आईनं फॉर्मची फाईल काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटली. घरातले सगळे फॉर्म आईच भरायची. शाळेचे, विम्याचे, सगळे.

“मला कधी सांगितलं नाहीस,” आई म्हणाली. “एकोणीस वर्षांत एकदाही नाही.”

“प्रतिमा, तू विचारलं नाहीस.”

“मी विचारायचं? लग्नाआधी मुलाला काय काय विचारतात, तू कम्युनिस्ट आहेस का हे कुणी विचारतं? ग्रीन कार्डाच्या वेळी मी श्रीरंगचा फॉर्म समोर ठेवला आणि नो-नो करत गेले. याही वेळी तेच. तू नुसती सही केलीस!”

“वाचलं नव्हतं,” बाबा म्हणाले. “तीन आठवड्यांपूर्वी तालमीसाठी प्रिंट काढली, तेव्हा पहिल्यांदा वाचलं.”

तीन आठवडे! रोज रात्रीच्या जेवणाला बाबा शेजारी बसत होते, वरणावर तूप घेत होते, तिच्या डिबेटचे मुद्दे ऐकून “वा” म्हणत होते. विषय कुठला, सरकारनं मतं विचारावीत की नाही.

“बाबा, पण तुम्ही… का?”

बाबांनी खुर्ची ओढली. “मेसमध्ये पोळ्या करायला बारा बाया होत्या. सुट्टी मागितली म्हणून एका सकाळी सगळ्यांना काढून टाकलं. आम्ही जेवायला गेलो तर पोळ्याच नाहीत, सगळे नुसते ओरडत होते, पोळ्या कुठे, पोळ्या कुठे. बाया कुठे गेल्या, हे कुणी विचारलं नाही. पक्षाची माणसं तेवढी त्यांच्यासोबत गेटवर बसली होती. मीही जाऊन बसलो. अकराव्या दिवशी बायांना परत घेतलं. मग मी कार्ड घेतलं.”

“आणि मग सोडलंत कशाला?”

“त्र्यंबकमुळे. त्यानं कॉलेजच्या भित्तिपत्रकात पक्षाविरुद्ध लेख लिहिला. झणझणीत. मला निरोप आला, त्याच्याशी बोलणं बंद कर. एका खोलीत राहत होतो आम्ही, एकाच बादलीनं आंघोळ! मी म्हटलं, तो चुकीचा असेल, पण बोलायचं कुणाशी हे मी ठरवीन. तर म्हणाले, आधी सांग, तू आमचा आहेस की नाही.” बाबांनी टाय काढून टेबलावर ठेवला. “कार्ड देऊन आलो. झाली की पंचवीस वर्षं. आता हे फॉर्मवाले विचारतात, त्यांचा होतास का. माझं काय गं, मी आपला पोळ्यांवाल्या बायांचा होतो.”

चैत्रालीला रडू आवरेना आणि कारण कळेना.

“मग सांगा ना हेच! पुढच्या बुधवारी ऑफिसरला हेच सांगा!”

“नाही,” आई म्हणाली. “दोनदा नो लिहिलंय, आता नोच. सध्याचे दिवस कसे आहेत, बघतेस ना? कुणाचं काय उकरून काढतील, नेम नाही. हे घर, माझी नोकरी, तुझं कॉलेज…”

“आई, शपथ घेऊन खोटं बोलायचं?”

“तुझं काय जातंय खरं बोलायला?” आईचा आवाज फाटला. “तुझा पासपोर्ट इथला आहे!”

चैत्रालीला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. या घरात जन्मानं अमेरिकन अशी ती एकटीच होती. बर्थडेला ती त्यावरून विनोद करायची, मी तुम्हाला डिपोर्ट करीन हं! सगळे हसायचे. आई हसताना कुठे बघत असायची, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिचा तो नवा कोरा आवाज, ज्याचा तिला एवढा अभिमान होता, तो तिला त्या पासपोर्टच्या पुस्तकानं फुकट दिला होता. आई-बाबा इतकी वर्षं हळू बोलत आले होते, कारण त्यांच्याकडे ते पुस्तक नव्हतं. आणि ती समजत होती, ते भित्रे आहेत!

सोमवारी मधल्या सुट्टीत ती लायब्ररीत बसली. स्पर्धेसाठी जमवलेली सगळी कात्रणं बाजूला सारून तिनं सरकारचीच पानं उघडली, सूचना, नियम, तळटिपा. वाचता वाचता एका ओळीशी ती थांबली. परत वाचली. मग बोट ठेवून, पहिलीतल्या पोरीसारखी, तिसऱ्यांदा. पक्ष सोडून दहा वर्षांच्या वर झाली असतील, तर नुसत्या त्या सभासदत्वावरून सिटिझनशिप नाकारत नाहीत. अडचण व्हायची ती खोट्या उत्तरानं, आणि तीही मोठी.

म्हणजे पहिल्यांदाच खरं लिहिलं असतं तर कदाचित दोन जादा प्रश्नांवर भागलं असतं. भीती घातली होती ‘येस’ची, आणि खरा खड्डा होता श्रीरंगकाकांच्या त्या पवित्र ‘नो’मध्ये! तिला हसावं की किंचाळावं कळेना. लायब्रेरियन बाई बघायला लागल्या, तेव्हा तिला समजलं की आपण खरोखरच मोठ्यानं “व्हॉट!” म्हणालोय.

त्या रात्री जेवणाच्या वेळी बाबा शेजारी बसले आणि वरणावर तूप घ्यायचं विसरले. आईनं त्यांच्याकडे न बघता तुपाचं भांडं पुढे सरकवलं. चैत्रालीनं ती ओळ छापून आणली होती. तिनं कागद ताटाशेजारी ठेवला. आईनं तो वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला.

“ग्रीन कार्डाच्या फॉर्मचं काय पण?” आई हळू म्हणाली. “तेही मीच…”

“ते मला माहीत नाही,” चैत्राली म्हणाली. हे वाक्य ती वर्षभरात पहिल्यांदाच बोलत होती. “म्हणून वकील बघितलेत. इमिग्रेशनचंच काम करतात, इथं जवळच. त्यांची एकच वेळ रिकामी होती, शनिवारी सकाळी दहा.”

“शनिवारी तुझी स्पर्धा आहे,” बाबा म्हणाले.

“माहीत आहे.”

“चैतू, वर्षभर राबलीस तू. आम्ही दोघं जाऊन येऊ.”

“नाही जाणार तुम्ही. आई शुक्रवारी म्हणेल, बघू पुढच्या आठवड्यात, आणि बुधवारी तुम्ही टाय लावून नो म्हणून याल. ओळखते मी तुम्हाला.” तिनं पाण्याचा घोट घेतला. आवाज थरथरत होता, पण थरथरत का होईना, तिचाच होता. “आता ऐका. मी ठरवलंय. मी स्पर्धेला जात नाहीये. कोचना मेल केली, माझ्या जागी आन्या बोलेल. तो प्रश्न सगळ्यांसमोर मीच विचारला होता ना, मग त्याचं उत्तर देऊन होईपर्यंत वकिलांच्या केबिनबाहेरच्या खुर्चीत मी बसणार. वकिलांना काय सांगायचं, ऑफिसरला काय सांगायचं, ते बाबा ठरवतील. मी नाही, आई, तूही नाही. शनिवारी साडेनऊला निघायचं. गाडी मी चालवणार, बाबा माझ्या शेजारी बसणार. आणि वाटेत कुणी कुणाची तालीम घ्यायची नाही.”