हावरट

सकाळपासून धाकटीने कोंबडीला तीनदा ‘हावरट’ म्हटलं होतं. चौथ्यांदा म्हणताना तिचा आवाजच चिरकला.

एकवीस दिवस ही खुडूक बाई अंड्यांवरून हलली नव्हती. दाणे समोर ठेवले तरी मान फिरवायची. तेव्हा धाकटीला तिचं कोण कौतुक! काल शेवटचं पिल्लू बाहेर आलं आणि आज सातही जण पहिल्यांदाच आईच्या पंखांखालून निघाले. त्यांच्यासाठी धाकटीने स्वतः खलबत्त्यात मका कुटून बारीक कणी केली. तर ताटलीत पहिली चोच हिचीच.

“मावशी, ही पोरांच्या तोंडचा घास पळवते. तू काहीच बोलत नाहीस.”

मावशी खिडकीशी मशीनवर गणवेश शिवत होती. “मी काय बोलू? तिची पोरं आहेत.”

“म्हणून उपाशी मारायची?”

धाकटी तणतणत अंगणात गेली. कोंबडीला उचलून तिने खुराड्यात कोंडलं. त्या झटापटीत मनगटावर एक चोच बसली, त्याने तर ती आणखीच भडकली. कडी लावून पिल्लांना म्हणाली, “आता खा निवांत.”

एकही पिल्लू ताटलीकडे फिरकलं नाही. सगळी खुराड्याच्या जाळीला चिकटून चिवचिवत राहिली. आतून कोंबडीने आरडाओरडा मांडला. तासाभराने सगळ्यांत बारकं पिल्लू, ठिपकी, डोळे मिटून एका बाजूला कललं, तशी धाकटी खिडकीकडे धावली.

“मावशी, लवकर ये गं.”

मावशीने ठिपकीला ओंजळीत घेऊन ऊब दिली. “कडी काढ. आणि आता नुसतं बघायचं. ती किती दाणे गिळते ते मोज.”

कोंबडी फणकाऱ्यानेच बाहेर आली. थेट ताटलीशी गेली आणि तिने एक कणी उचलली.

“एक,” धाकटी म्हणाली.

पण कणी खाली पडली. कोंबडीने ती पुन्हा उचलली, पुन्हा टाकली. घशातून टुक-टुक-टुक चाललेलं. पिल्लं धावली. एकाने कणी टिपली, त्याचं पाहून दुसऱ्याने. मावशीने ठिपकीला खाली सोडलं. ती धडपडत आईच्या चोचीखाली पोचली, दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा तिला कणी सापडली.

“किती झाले?” मावशीने विचारलं.

“शून्य.” धाकटीचे कान लाल झाले. “ती शिकवत होती त्यांना. मला आधी सांगायचं ना.”

“तासभर तीच सांगत होती की, आतून. तुझं बोलणं संपेल तेव्हा तिचं ऐकू येणार.”

धाकटी आत गेली आणि वाटीभर तांदूळ घेऊन आली. वाटी तिने कोपऱ्यात, फक्त कोंबडीपुढे ठेवली. कोंबडीने पाहिलं, आणि लगेच टुक-टुक सुरू. सातही जण धावत येऊन वाटीतच चढले.

धाकटी फ्रॉक पसरून मध्ये आडवी बसली.

“हावरट कुठले,” ती पिल्लांवर खेकसली. “आईला दोन दाणे सुखाने खाऊ द्याल की नाही?”