आफ्रिकेतली शाळा, कडेगावची लाईट

"आवं, फौजेत मी नागा, मद्रासी, पहाडी, समद्यास्नी एका पायावर उभं केलंय. ही दोन नातवंडं मला जड हायत व्हय?"

कडेगावातल्या चहाच्या टपरीवर रिटायर हवालदार नाथाजीनं हे असं मिशीला पीळ भरत सांगितलं. पोरं आफ्रिकेत, मास्तर कडेगावात, आन् जूनला पोरं डायरेक चौथीत, असंही वरनं ठोकून दिलं. आठवडा सरायच्या आत नात तिकडं जेवायला बसलीय का झोपायला निघालीय, हेसुद्धा नाथाजीला कळंना झालं.

झालं होतं असं. नाथाजीचा पोरगा पृथ्वीराज साखर कारखान्यातला केमिस्ट. दोन सालाच्या करारावर तो टांझानियातल्या एका कारखान्यावर गेला. बायको दीपमाला आणि अपेक्षा-विश्वजित ही जुळी संगं नेली. तिथं चहूकडं ऊसच ऊस, म्हणजे अगदी घरच्यासारखं. फक्त शाळा तेवढी नव्हती. दीपमाला घरातच शिकवायला बसली. गणित, इंग्रजी कसंबसं रेटलं, पण मराठीला पोरं दाद देईनात. परत आल्यावर गावच्या शाळेनं चौथीत घेतलं, तर पोरं आजाजवळ राहणार. नाहीतर दीपमालाचा भाऊ साताऱ्यात टपलेलाच होता, "माझ्याकडं धाड, इंग्लिश मीडियमला घालतो" म्हणून. पोरं साताऱ्याला गेली की आपल्या वाट्याला दिवाळीचे चार दिवस, हे नाथाजीला पक्कं ठाऊक. म्हणून मराठीचा तास त्यानं व्हिडिओ फोनवर स्वतःकडं घेतला.

घरात बसून शिकवावं, तर बायको अंबूबाई मागनं डोकं घालायची. "अगं अपेक्षा, वाळलीस किती! खाती का न्हाईस?" की गेला तास. मग नाथाजी फोन घेऊन रानात गेला. लाईट आली की मोटर चालू करायची, उसाला पाणी लावायचं आणि बांधावर बसून शाळा भरवायची. लाईट आली की शाळा भरली, लाईट गेली की सुटली. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. तशी आफ्रिकेतली शाळापण फिरायला लागली.

"अपेक्षा, तिथं किती वाजलं गं?"

"चार, आबा."

नाथाजीनं मनगटावर बघितलं. इकडं साडेबारा.

"दीपमाला, पोरगी तापात बरळती का काय?"

"न्हाई ओ मामा. दहा वाजल्यात. पण हितली माणसं दिवस उगवल्यापासनं तास मोजत्यात. सातला एक म्हणायचं, आठला दोन. शेजारच्या बाईनं हिला तसंच घड्याळ शिकवलंय. लय सांगितलं, ऐकत न्हाई."

"म्हंजे दहा वाजल्यात, त्याला ही चार म्हणती, आन् हितं साडेबारा?"

"व्हय."

"आन् खरं किती वाजल्यात?"

दीपमालानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात अपेक्षा ओरडली, "आबा, मागं बघा, पाट फुटला!"

साल असंच गेलं. पोरं मराठी फाडफाड बोलायला लागली. फक्त ते सगळं बांधावरचं मराठी होतं.

एप्रिलात सगळी गावाकडं आली. हेडमास्तर नानासो सर पोरांना तपासायला बसले. नाथाजी दाराशी सावधान उभा. सरांनी हाक मारली तसा विश्वजितही टाच आपटून सावधान झाला आणि सांगेपर्यंत हललाच नाही.

"बाळ, आठवड्याचे वार सांग," सर अपेक्षाला म्हणाले.

"सोमवार, मंगळवार, बुधवार दिवसाची. गुरुवारपासनं रातीची."

"रातीची काय?"

"लाईट."

सरांनी पेन खाली ठेवला. त्याच आठवड्यात लाईटीचं टाइमटेबल बदललं होतं, आणि वायरमन काही त्यांचा फोन उचलत नव्हता. सर पुढं सरकले.

"चेअरमनसाहेबांच्या खळ्याला लागून आमचं रान हाय. तिथं उद्या कवा येती गं?"

"तुमची लाईन कुठल्या फीडरवर?"

"तुझ्या आबाच्याच."

"मग सकाळी वायरमननं आबांना सांगितलंय. उद्या दोनला येती, दहाला जाती."

नाथाजीनं दाराशीच बोटं मोजली. वायरमन आठ म्हणाला होता. पोरीचं दोन म्हणजे आपलं आठ! त्यानं सांगायला तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "चौथीत! दोघंबी चौथीत. लय चलाख पोरं!"

नाथाजीनं तोंड मिटलं. आता उगं कशाला, संध्याकाळी घरी जाऊन सांगू. संध्याकाळी तो टपरीपर्यंत पोचला आणि तिथं लोकांनी विचारलं, "काय हवालदार, झालं का काम?" मग नागा, मद्रासी, पहाडी सगळं पहिल्यापासनं सांगावं लागलं. सरांचं घर राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लाईट आली. नानासो सरांची मोटर आटोवर होती, ती चालू झाली. पाणी वळवायला त्यांचा गडी केरबा दुपारी दोनला गेला. तोवर शेजारच्या खळ्यावर वाळत घातलेली शाळेच्या चेअरमनची हळद पाण्यासंगं वाहून ओढ्याला लागली होती. वेळ कुणी सांगितली, असं चेअरमननी विचारलं. सरांनी हवालदाराच्या नातीचं नाव सांगितलं.

जूनमध्ये पोरं साताऱ्याला गेली.