चोचवाल्याचा उपास

आमचे बापा, म्हणजे माझे सासरे, आठ दिवस एका माशाच्या मिनतवाऱ्या करत होते. इतक्या मिनतवाऱ्या त्यांनी सासूबाईंच्याही कधी केल्या नसतील.

मासा वीतभरही नव्हता. पांढरंशुभ्र अंग, त्यावर उभे केशरी पट्टे, आणि पुढे लांब बारीक चोच. आमच्या गावच्या समुद्रात हा चोचवाला वीस वर्षं कुणी पाहिला नव्हता. का नव्हता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बापांच्या तरुणपणी गावचे पुरुष विषाची बाटली घेऊन बुडी मारायचे. प्रवाळाच्या फटीत विष फवारलं की मासे गुंगून बाहेर यायचे. ते व्यापाऱ्यामार्फत कुठल्या कुठल्या देशांतल्या दिवाणखान्यांत जायचे. मागे प्रवाळ मरायचं. बापांचा दम सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांत जास्त विषही त्यांचंच. पुढे गावाने विष सोडलं, जाळी धरली, मेलेल्या प्रवाळावर नवं लावलं. बरेच मासे परतले. चोचवाला नाही.

आणि आला तो नेमका बापांच्याच जाळ्यात! सोडवताना त्याचा एका बाजूचा पर फाटला. तसाच पाण्यात सोडला असता तर तासाभरात कुणीतरी गिळला असता. म्हणून पर भरून येईपर्यंत त्याला अंगणातल्या काचेच्या मोठ्या टाकीत ठेवलं. पण तो खाईना. कोळंबी चिरून दिली, जिवंत किडे दिले, शिंपला उघडून पुढ्यात धरला. तो आपला कोपऱ्यात तोंड करून उभा. आठव्या दिवशी त्याच्या डोक्यामागे खळगा पडला. असा खळगा पडलेला मासा फार दिवस काढत नाही.

"हाही माझ्याच हातून जाणार, लुह," बापा म्हणाले. "याचं सगळं खानदान मीच संपवलं."

"मग जरा लांब बसा ना," मी म्हटलं. "तुम्ही असे तोंडासमोर तोंड धरून बसलात तर माझ्याही घशाखाली घास उतरायचा नाही."

माझी जीभ जरा तिखटच आहे. विषावरून तर मी त्यांना येता-जाता टोचायची. माझा नवरा बोटीवर नोकरीला, घरात आम्ही दोघंच. टोचणार तरी आणखी कुणाला?

टाकी मात्र त्यांनी लखलखीत ठेवली होती. रोज घासायची, तळाशी वाळूचा कण ठेवायचा नाही. विकायचे मासे अशाच टाकीत ठेवायचे, ही व्यापाऱ्यांनी लावलेली सवय. आम्हा सगळ्यांच्याच हाडात मुरलेली.

न्येपी म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा मौनाचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळी रस्त्यावरून राक्षसांचे पुतळे निघाले. ढोल, थाळ्या, डबे, बांबू, मिळेल ते बडवत गाव भुतं पळवत होतं. भुतांचं माहीत नाही, पण चोचवाला वेडापिसा होऊन काचेवर आपटायला लागला. मला काही सुचेना. टाकीच्या झाकणावर वजनाला ठेवलेला दगड होता, समुद्रातून त्याच दिवशी आणलेला, भोकाभोकांचा, शेवाळलेला. तोच आत सोडला. मासा त्याच्या आड गेला आणि स्थिरावला.

बापा ओरडले, "घाण टाकलीस आत! सकाळी आधी तो दगड काढ."

पण सकाळी न्येपी. चूल नाही, दिवा नाही, काम नाही, फाटकाबाहेर पाऊल नाही. बापा तर त्या दिवशी पाणीही घेत नाहीत आणि बोलतही नाहीत. समुद्राचं पाणी ओढणारं इंजिनही बंद. एवढ्या टाकीत एकटा मासा, एक दिवस निभावला असता. बापांनी रागाने दगडाकडे बोट दाखवलं. मी आकाशाकडे दाखवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. आज काम नाही, बापा! त्यांनी डोळे वटारले, पण नियम त्यांचाच. शेवटी ओसरीच्या पायरीवर गुपचूप बसले, टाकीपासून दहा पावलांवर. आठ दिवसांत प्रथमच इतके लांब.

अशी शांतता वर्षातून एकदाच मिळते. गाडी नाही, विमान नाही, कोंबडासुद्धा दबकून आरवतो. ऊन टाकीत उतरलं होतं. लाटांचा आवाज एरवी आमच्या अंगणात येत नाही, तो आला.

मग चोचवाला दगडाआडून निघाला. एका भोकापाशी थांबला. तिरका झाला, एका डोळ्याने आत पाहिलं. दुसऱ्या भोकापाशी गेला. आणि चोच आत घालून त्याने काहीतरी ओढलं. लालसर, दोऱ्याएवढा किडा! तो लांबला, तुटला, गेला पोटात.

"बापा!" माझ्या तोंडून किंकाळीच फुटली.

झालं. फाटकाशी पहाऱ्यावरचा वार्सा हजर. त्या दिवशी रस्त्यावर फक्त पहारेकरीच असतात. "वहिनी, गाव गोळा करायचंय का?" तो दबक्या आवाजात खेकसला. "तुमच्या आवाजाने कालची भुतं परत येतील!"

मी नुसतं बोट दाखवलं. त्याने फाटकावरून वाकून पाहिलं. मासा दुसरा किडा ओढत होता, मग तिसरा. आम्ही आठ दिवस त्याला वाढत होतो. त्याला वाढलेलं नकोच होतं, शोधलेलं हवं होतं. आणि शोधण्याजोगं सगळं आम्ही रोज घासून टाकत होतो. बोटभर जीव, पण समुद्राने शिकवलेलं एवढंसंही विसरला नव्हता.

"हाच का तो?" वार्सा कुजबुजला. पंचवीस वर्षांचा बाप्या, समुद्रावर वाढलेला. "मी पहिल्यांदाच बघतोय."

बापांनी ते ऐकलं. तोंड उघडायचं नव्हतं, उघडलं नाही. नुसते डोळे वाहत राहिले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

दुसऱ्या सकाळी चूल पेटली. न्येपीनंतरचा हा दिवस घरोघरी जाऊन एकमेकांची माफी मागण्याचा. बापांचे चुलतभाऊ सकाळीच आले, तर बापा नवं धोतर नेसून टाकीसमोर हात जोडून उभे. आत चोचवाला दगड टोकत होता.

"काय रे," चुलतभाऊ हसले, "माशाची माफी मागतोस?"

"याच्या आजोबांची मागायची राहिली होती," बापा म्हणाले.

मी चुलीवरची कॉफी उतरवली आणि बापांच्या पाया पडले. वर्षभर टोचलेलं सगळं त्यात आलं.